सोलापुरातल्या फॅशन मर्चंडायझिंग पदविकेचं पुढे काय करावं? (अभ्यासक्रम, वेळापत्रक, प्रयोगशाळा)

ताणाबाणा

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात फॅशन मर्चंडायझिंगची (कपड्यांची ऑर्डर, खरेदी, किंमत आणि साठा सांभाळण्याची) एक वर्षाची पदविका चालते. कम्युनिटी कॉलेज योजनेखाली सुरू झाली. अनुदानाची मुदत संपल्यावर आता विनाअनुदानित आहे, जागा ५०. अभ्यास मंडळापुढे पुढच्या तीन वर्षांचा आराखडा ठेवायचा आहे, म्हणून हा धागा.

समोर तीन प्रस्ताव आहेत. पहिला, पदविका बंद करून बी.व्होक.मध्ये (कौशल्यावर आधारित पदवीत) विलीन करणं. दुसरा, नाव बदलून 'फॅशन डिझाइन' करणं. त्या नावाला प्रवेश जास्त येतात असा युक्तिवाद आहे. तिसरा, नाव तेच ठेवून अभ्यासक्रम मुळापासून नव्याने बांधणं.

आजचा आराखडा बी.व्होक.च्या जुन्या धाटणीचा आहे : वर्षाला ६० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप), त्यातली ३६ कौशल्याची, २४ सामान्य शिक्षणाची. कौशल्याच्या ३६ पैकी मोठा वाटा फॅशन इलस्ट्रेशन, ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड लावून आकार देणं) आणि वेशभूषेचा इतिहास यांना गेला आहे. कॉस्टिंग (नगाचा खर्च काढणं) एका प्रकरणात उरकलंय. ओपन-टू-बाय (महिन्यात अजून किती माल खरेदी करता येईल तो आकडा) हा शब्दच अभ्यासक्रमात नाही.

या धंद्यातल्या आणि शिकवण्यातल्या लोकांनी नेमकं लिहावं. 'इंडस्ट्री कनेक्ट वाढवा' एवढंच लिहून थांबू नका, ही विनंती.

पेठेतला व्यापारी

नाव बदलू नका. डिझाइन म्हणून घेतलेलं मूल ड्रेस शिवायला आणि स्केच काढायला येतं. दुसऱ्या सत्रात एक्सेल उघडलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि तिथून गळती सुरू होते.

सोलापुरात या पदविकेला नोकरी कुठे आहे ते आधी बघा. शालेय गणवेश शिवणारी युनिटं, टॉवेल आणि चादर निर्यात करणारे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने, नवी पेठ आणि चाटी गल्लीतली कापडाची दुकानं, साखळी दुकानांच्या शाखा, आणि ऑनलाइन माल विकणारे. पाचही ठिकाणी स्केच काढणारा माणूस कोणी मागत नाही. मागतात तो ऑर्डर घेणारा, कापड किती लागेल ते काढणारा, सॅम्पल पास करून घेणारा, माल वेळेत निघतो का बघणारा आणि शिल्लक मालाचा हिशेब ठेवणारा. लहान युनिटात ही सगळी कामं मालक स्वतः करतो. त्यामुळे तो एका वेळी मोजक्याच ऑर्डरी सांभाळू शकतो. त्याच्या हातातलं ते काम उचलणारा माणूस तयार करणं हाच या पदविकेचा उद्देश ठेवा.

आणखी एक. इथल्या पूर्व भागातल्या मुलांना घरची तेलुगू येते, अक्कलकोटकडच्यांना कन्नड. हैदराबाद, हुबळीच्या व्यापाऱ्याशी फोनवर ऑर्डर बोलताना त्याचा थेट उपयोग होतो. प्रवेशाच्या माहितीपत्रकात ही गोष्ट जमेची बाजू म्हणून छापा.

शुभदा_क

क्रेडिटचं आधी निस्तरा, नाहीतर बाकी सगळं अडकेल. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० तास धरले आहेत. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चालणाऱ्या पदवीला वर्षाला ४४ आहेत. तुमची ६०ची पदविका यात बसत नाही. मुलांचे क्रेडिट अकॅडमिक बँकेत (क्रेडिट साठवायच्या ऑनलाइन खात्यात) जमा होऊन त्यांना पुढे पदवीला जायचं असेल तर नवा आराखडा ४४चा करा, सत्राला २२. म्हणजे बी.व्होक. की पदविका हा वादही मिटतो. पदविका स्वतंत्र राहते आणि पुढे जायचं त्याला दार उघडं असतं. फक्त सत्रनिहाय विषय ठरवताना विद्यापीठाच्या बी.व्होक.चं पहिलं वर्ष शेजारी ठेवा, म्हणजे समकक्षता मागताना अडचण येणार नाही.

६०चे ४४ करताना प्रत्येक विषयातून थोडं थोडं कापायचा मोह होतो, तो टाळा. विषय आख्खे काढा.

सुईदोरा

ड्रेपिंग आणि इलस्ट्रेशन पूर्ण काढायला माझा विरोध आहे. कपडा कसा बनतो हेच ज्याला कळत नाही त्याचं कॉस्टिंग चुकतं. शर्टाला योक (खांद्यावरचा तुकडा) एका पदराचा की दोन पदरांचा, कॉलरला फ्यूजिंग (आतून चिकटवायचं अस्तर) कोणतं, शिवण साधी ओव्हरलॉकची की फेल-सीम (कडा आत दुमडून शिवलेली), यावर कापड आणि मजुरी दोन्ही बदलतात.

ताणाबाणा

सुईदोरा, मुद्दा पटला. पण त्यासाठी ड्रेपिंग लागतं का?

सुईदोरा

ड्रेपिंग नाही लागत, तेवढं मान्य. त्याजागी तयार कपडा उसवायला लावा. एक हाफ शर्ट, एक पँट, एक कुर्ती, एक टी-शर्ट. प्रत्येक विद्यार्थ्याने शिवण उसवून सगळे तुकडे मोजायचे, ब्राउन पेपरवर छाप काढायचा, कोणती शिवण कोणत्या मशिनची ते लिहायचं, आणि ऑपरेशन (शिवणकामाचे टप्पे) क्रमाने मांडायचे. हाफ शर्टाचे २५-३० ऑपरेशन सहज निघतात. मग ते टेक-पॅकमध्ये (कपड्याची मापं, साहित्य आणि शिवण सांगणाऱ्या कागदांत) उतरवायचं. चार क्रेडिटमध्ये हे बसतं आणि महागडे ड्रेस-फॉर्म (पुतळे) विकत घ्यावे लागत नाहीत.

कटिंग मास्तर

कापडाचा हिशेब फळ्यावर शिकवू नका, टेबलावर शिकवा. पुस्तकात सरासरी (एका नगाला लागणारं कापड) गुणिले नग एवढंच असतं. प्रत्यक्षात टेबलाची लांबी आडवी येते. मी शिकवतो ते उदाहरण देतो.

ऑर्डर १२०० हाफ शर्ट. साइझ २६, २८, ३०, ३२, ३४, ३६. प्रमाण १:२:३:३:२:१. बेरीज १२, म्हणजे १२ नगांचा एक मार्कर (कापडावर तुकडे मांडायचा आराखडा) आणि कापडाचे १०० थर. कागदावर सुटलं. पण ५८ इंची कापडावर सरासरी ०.९ मीटर धरलं तर मार्कर १०.८ मीटर लांब होतो. लहान युनिटातलं टेबल २० फुटांचं असतं, ६ मीटरच्या आसपास. मग मार्कर फोडावा लागतो. पहिल्या मार्करमध्ये सहाही साइझ एकेक नग. दुसऱ्यात २८ एक, ३० दोन, ३२ दोन, ३४ एक. दोन्ही सहा नगांचे, दोन्ही ५.४ मीटरचे, दोन्ही १०० थरांचे. बेरीज करून बघा, मूळ प्रमाण जसंच्या तसं येतं.

आता कापड. थराला दोन्ही टोकांना मिळून ४ सेंटिमीटर सोडायचे. ५.४४ गुणिले २०० म्हणजे १०८८ मीटर. त्यावर डागाचे, फाटक्याचे आणि ताग्याच्या शेवटी उरणाऱ्या तुकड्यांचे २ ते ३ टक्के. ११२० मीटर मागवा. नुसतं १२०० गुणिले ०.९ करणारा १०८० मागवतो आणि शेवटच्या थरांना कापड पुरत नाही. मग उरलेले नग भरायला नवा तागा येतो, त्याची शेड (रंगछटा) जुळत नाही, आणि तेवढे शर्ट वेगळे दिसतात.

शेडवरून सांगतो. एकाच रंगाच्या दोन ताग्यांत फरक असतो. थर लावताना तागा बदलला तिथे कागद घाला आणि प्रत्येक तुकड्यावर थराचा नंबर चिकटवा. ७ नंबरच्या अंगाला ७ नंबरचीच बाही. नंबरिंगचा कंटाळा केला की छातीचा रंग एक आणि बाहीचा दुसरा असा शर्ट तयार होतो, आणि ते शिवून झाल्यावर, इस्त्रीच्या टेबलावर उजेडात कळतं. तोवर मजुरी गेलेली असते.

मुलांना खरं कापड नको, जुनी वर्तमानपत्रं पुरतात. कात्रीही नको. पण नंबरिंग करायला लावाच.

आकडेमोड

मास्तर, हे उदाहरण जसंच्या तसं प्रात्यक्षिक वहीत घेण्यासारखं आहे.

होजिअरीचा (टी-शर्टसारख्या मालाचा) हिशेब मीटरवर होत नाही, किलोवर होतो, तोही जोडा. लांबी अधिक बाही अधिक शिवण-दुमड, गुणिले अर्धी छाती अधिक शिवण, गुणिले २, गुणिले जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), भागिले १०,०००. लांबी ७२, बाही २२, मार्जिन १० म्हणजे १०४ सेमी. अर्धी छाती ५२ अधिक ४ म्हणजे ५६. जीएसएम १८०. उत्तर सुमारे २१० ग्रॅम. ८ टक्के घट धरली की २२६ ग्रॅम. मुलं इथे एकच चूक वारंवार करतात : पूर्ण छाती घेऊन पुन्हा दोनाने गुणतात, आणि टी-शर्ट चारशे ग्रॅमच्या वर जातो. उत्तर आलं की तराजूवर खरा टी-शर्ट ठेवून बघायची सवय लावा.

दुकानाच्या बाजूचं गणित तर आजच्या अभ्यासक्रमात अजिबात नाही. निदान ओपन-टू-बाय, सेल-थ्रू (आलेल्या मालातला किती टक्के विकला), स्टॉक टर्न (साठा किती वेळा फिरला) आणि मार्कडाऊन (किंमत उतरवणं) हे चार हवेत. ओपन-टू-बायचं उदाहरण : महिन्याची अपेक्षित विक्री ८ लाख, सूट ४० हजार, महिनाअखेरीस हवा असलेला साठा १४ लाख, सुरुवातीचा साठा १२ लाख. ८ + ०.४ + १४ - १२ = १०.४ लाखांची खरेदी. आधीच ४ लाखांची ऑर्डर दिलेली आहे, म्हणून उरले ६.४ लाख. हा आकडा विक्रीच्या किमतीत आहे. ३५ टक्के मार्जिन असेल तर खरेदीच्या किमतीत ४.१६ लाख. हा शेवटचा टप्पा विसरला की मूल ६.४ लाखांचा माल खरेदी दराने उचलतं, म्हणजे दीडपटीहून जास्त. दुकानात डेड स्टॉक साचतो तो बरेचदा असाच.

पेठेतला व्यापारी

जीएसटी विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के, त्यापुढच्या किमतीला १८. आधी १००० पर्यंत ५ आणि पुढे १२ होते. बऱ्याच ठिकाणच्या नोट्समध्ये अजून जुनेच दर आहेत.

हा दर फक्त पाठ करून भागत नाही, किंमत ठरवायला वापरावा लागतो. कर सोडून २५०० असेल तर गिऱ्हाईक २६२५ देतं. एक रुपया वाढवून २५०१ केलं की १८ टक्क्यांनी ते २९५१च्या पुढे जातं. म्हणजे २६२५ ते २९५१ या पट्ट्यात करासह विक्री किंमत बसवताच येत नाही. कर प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर असल्यामुळे सूट दिल्यावर नग २५००च्या खाली आला तर दरही ५वर येतो. सणाच्या सूट योजना आखताना हा हिशेब करायचा असतो. यावर एक स्वतंत्र प्रात्यक्षिक ठेवा : दहा वस्तूंची किंमत यादी द्या, सूट किती टक्के ठेवली तर दुकानाच्या हातात जास्त उरेल ते काढायला सांगा.

ताणाबाणा

अभ्यासक्रमाचं चित्र आता तयार होतंय. मला सगळ्यात अडचणीचं वाटतं ते कामावरचं प्रशिक्षण. सध्या ते मे-जूनमध्ये, परीक्षेनंतर. मुलांना नुसतं बसवून ठेवतात अशी तक्रार येते.

गणवेशवाला

तक्रार खरी आहे, आणि दोष वेळापत्रकाचा आहे. या धाग्यात कोणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ही उचला.

गणवेशाचं वर्ष शाळेच्या उलट चालतं. नोव्हेंबर ते जानेवारीत सॅम्पल आणि बुकिंग. जानेवारीअखेर ते मे उत्पादन. एप्रिलपासून माल निघायला लागतो आणि १५ जूनला पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळा उघडायच्या आत दुकानात हवा असतो. विदर्भात शाळा उशिरा उघडतात म्हणून तिकडचा थोडा मागून जातो. जुलैत उरतात ते साइझ बदलून मागणारे फोन आणि उधारीची वसुली. तुम्ही मुलांना मेच्या मध्याला पाठवता. तेव्हा मालकाला मान वर करायला सवड नसते, आणि नवीन माणसाला शिकवण्यासारखं बुकिंग, सॅम्पल, कापड खरेदी सगळं होऊन गेलेलं असतं. त्याच्या हाती येतं ते पॅकिंग.

मुलं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाठवा आणि एप्रिलअखेरपर्यंत ठेवा. १२ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ४८० तास. या काळात एकाच ऑर्डरचा कापडापासून रवानगीपर्यंतचा प्रवास त्यांना दिसतो.

सरकारी गणवेशाचाही अभ्यास करायला लावा. २०२४-२५ला राज्याने कापड एकत्र खरेदी करून बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं, माल शाळांत उशिरा पोचला, आणि पुढच्या वर्षासाठी खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. एका निर्णयाने ऑर्डर कोण देणार हेच बदलतं. ज्याचं सगळं बुकिंग एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर आहे त्याचं काय होतं, हे मर्चंडायझरला समजलंच पाहिजे.

शुभदा_क

४८० तास म्हणजे १६ क्रेडिट. दुसऱ्या सत्राच्या २२ मधून ६ उरतात, ते डिसेंबर-जानेवारीच्या आठ आठवड्यांत वर्गात घेता येतील. १८० तास, आठवड्याला साडेबावीस. जमतं. परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात.

माझा प्रस्ताव असा. पहिलं सत्र : कापडाची ओळख आणि चाचणी ४, कपड्याची रचना आणि टेक-पॅक ४, कॉस्टिंग आणि कटिंग प्लॅन ४, दुकानाचं गणित ४, एक्सेल आणि ऑर्डरची कागदपत्रं ४, ईमेल-फोनवरचा व्यवहार २. दुसरं : टाइम अँड अ‍ॅक्शन कॅलेंडर (ऑर्डरच्या प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक) २, गुणवत्ता तपासणी २, जीएसटी आणि ऑनलाइन विक्री २, आणि प्रशिक्षण १६. वेशभूषेचा इतिहास वेगळा विषय म्हणून जाईल. पैठणी, हिमरू, करवत काठी, खण आणि घोंगडी या राज्याच्या २०२३-२८च्या वस्त्रोद्योग धोरणात घेतलेल्या पाच पारंपरिक वस्त्रांचा भाग कापडाच्या विषयात येईल.

प्रशिक्षणासाठी अ‍ॅप्रेंटिसशिपचा मार्गही तपासा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. इथली बरीच युनिटं दुसऱ्या गटात बसतील, म्हणजे आग्रह करून भागणार नाही, पटवून द्यावं लागेल. सामंजस्य करारात मुलाने कोणती पाच कामं करायची ते नाव घालून लिहा. 'उद्योगाचा अनुभव देणे' असं लिहिलं की पॅकिंगच मिळतं.

गणवेशवाला

पाच कामं मीच सुचवतो : साइझप्रमाणे ऑर्डर शीट भरणं, कापड आणि ट्रिम्सची (बटणं, लेबल वगैरेंची) मागणी काढणं, कटिंगला रोज किती निघाले याची नोंद, दोन सॅम्पलचा पाठपुरावा, आणि एका पूर्ण लॉटची अंतिम तपासणी.

लॅब_असिस्टंट

प्रयोगशाळेबद्दल. थ्री-डी डिझाइनच्या सॉफ्टवेअर परवान्यांवर पैसे घालवण्याआधी या वस्तू घ्या : जीएसएम कटर, ०.०१ ग्रॅमचा तराजू, एक इंची पिक ग्लास (धागे मोजायचं भिंग) दहा, हाताने फिरवायचा क्रॉकमीटर (घासून रंग उतरतो का ते बघायला), ग्रे स्केल (रंगातला फरक ठरवायची पट्टी), लाइट बॉक्स (वेगवेगळ्या उजेडात रंग बघायची पेटी) आणि साधं वॉशिंग मशीन. शिकवण्यापुरतं एवढं पुरतं.

कटरचा गोल १०० चौरस सेंटिमीटरचा असतो, वजनाला १००ने गुणलं की जीएसएम. पातं बोथट झालं की कडेला धागे ओढले जातात आणि आकडा चुकतो. खालचा रबरी पॅड झिजला तरी तेच. दोन्हीचे सुटे भाग पहिल्याच खरेदीत मागवा.

टॉवेलला मात्र कटर लावू नका. गोल कापताना कडेचे लूप सुटतात. पूर्ण टॉवेल तोलून क्षेत्रफळाने भागा. ३० बाय ६० इंची, म्हणजे साधारण ७५ बाय १५० सेमी टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर साधारण ५०६ ग्रॅम भरला पाहिजे. पावसाळ्यात सुती माल ओलावा धरतो आणि वजन जास्त दाखवतो, म्हणून नमुना काही तास एकाच खोलीत मोकळा ठेवून मग तोला.

लाइट बॉक्स जमतच नसेल तर दिवसाच्या उजेडात खिडकीशी आणि नंतर दुकानातल्या ट्यूबखाली, असे दोनदा नमुने दाखवा. खिडकीत जुळणारे दोन नेव्ही ब्लू ट्यूबखाली वेगळे पडतात हे एकदा डोळ्यांनी दिसलं की शेड कोणत्या उजेडात पास करायची हे गिऱ्हाइकाला आधी विचारायची सवय लागते.

आकडेमोड

गुणवत्ता तपासणीत एक्यूएल तक्ता (किती नग तपासायचे आणि किती दोषी चालतील ते सांगणारा) वाचायला शिकवा. १२०० नगांचा लॉट, तपासणीची सामान्य पातळी दोन, म्हणजे ८० नग तपासायचे. एक्यूएल २.५ला ५ दोषी नगांपर्यंत पास, ६ला नापास. १२०१ नग झाले की नमुना १२५, पास ७, नापास ८. पेट्या कुठून उचलायच्या हेही सांगा. वरच्या दोन पेट्या उघडून ८० नग काढले तर ती तपासणी होत नाही, प्रत्येक साइझ आणि वेगवेगळ्या पेट्या आल्या पाहिजेत.

नवशिकी_मीरा

ऑनलाइन विक्रीला फक्त २ क्रेडिट कमी नाहीत का? आता सगळं तिकडेच चाललंय.

पेठेतला व्यापारी

मीरा, लिस्टिंग टाकायला आठवडाभरात येतं. पैसे जातात ते परत येणाऱ्या मालात, आणि माल परत येतो तो बहुतेक साइझमुळे. म्हणून २ क्रेडिट पुरे, पण त्यात साइझ चार्ट कपडा सपाट ठेवून, टेप लावून बनवायला शिकवा. दुसऱ्याच्या पानावरून उतरवलेला चार्ट चालवून घेऊ नका. छाती बगलेच्या एक इंच खाली मोजायची, लांबी खांद्याच्या सगळ्यात उंच बिंदूपासून. त्याच साइझचे पाच नग मोजा. फरक अर्ध्या इंचाच्या वर असेल तर चार्ट बरोबर असूनही माल परत येणार, आणि दुरुस्ती कटिंगमध्ये किंवा शिलाईत शोधावी लागणार. परतीचा जाण्यायेण्याचा खर्च आणि इस्त्री-पॅकिंग पुन्हा करायचा खर्च कॉस्टिंग शीटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा.

ताणाबाणा

शिकवणार कोण, हा शेवटचा प्रश्न. मास्तरांसारख्या माणसाकडे पदव्युत्तर पदवी नसते.

शुभदा_क

प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस (उद्योगातला अनुभवी माणूस प्राध्यापक म्हणून नेमणं) याच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत औपचारिक पदवी आवश्यक धरलेली नाही, पण १५ वर्षांचा अनुभव हवा, शक्यतो वरिष्ठ पदावरचा, आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. एका लहान पदविकेसाठी तो घाट घालू नका. तासिका तत्त्वावर तज्ज्ञ म्हणून बोलवा, आणि त्यांचे तास ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये ठेवा. जानेवारीनंतर कटिंगची माणसं मिळत नाहीत.

कटिंग मास्तर

सकाळी ८ ते १० ठेवलंत तर ऑगस्टमध्ये रोजही येता येईल. युनिट दहाला सुरू होतं. मात्र टेबल वर्गात हवं, निदान १२ फुटी. बाकं जोडून केलेल्या टेबलावर थर सरकतात आणि मार्कर तिरका बसतो. प्लायवूडचे ८ बाय ४चे दोन पत्रे लांबीला लांबी जोडून, खाली लोखंडी चौकट टाकली की १६ फूट मिळतात. उंची ३४ ते ३६ इंच ठेवा, आणि जोडावर वरून सनमायका एकसलग बसवा, नाहीतर कापड तिथेच अडकतं.